अकबरी विमान उतरवते

सोलापुरात अजूनही कुणी अकबरीचं नाव काढलं, की दुसरा लगेच म्हणतो, "ती टांगेवाली ना? जिनं विमान आदळलं ती?" ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. विमान आदळलं ते एका रविवारी, मोजक्या रिकामटेकड्यांसमोर. नीट उतरवलं ते गड्ड्याच्या जत्रेत, अख्ख्या गावासमोर. पण गावाला आदळलेलंच तेवढं आठवतं. मी दोन्ही वेळा माळावर हजर होते, विमान माझ्या सख्ख्या भावाचं होतं, आणि माझं डोकं अजून शाबूत आहे. अकबरी आता नाही, टांग्यांचे दिवसही सरले. म्हणून काय झालं ते लिहून ठेवते आहे. ज्याला आदळलेलंच गोड लागतं, त्यानं हे वाचू नये.

अकबरी ही हुसेनसाबची एकुलती एक मुलगी. हुसेनसाबचा टांगा स्टेशनजवळच्या अड्ड्यावर उभा असायचा. त्याला दम्यानं धरलं आणि अंथरुणावरून उठवेना, तेव्हा एका सकाळी हिनंच घोडा जुंपला आणि टांगा अड्ड्यावर आणून उभा केला. पुरुष हसले. कुणीतरी म्हणालं, "आता चूल कोण पेटवणार?" ही म्हणाली, "तुझी बायको. तिला सांग दोन भाकरी जास्त टाकायला." त्या दिवसापासून तिच्या वाटेला जाताना लोक जरा विचार करायला लागले.

मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. आमच्या शाळेत लांबून येणाऱ्या मुलींची मोठी पंचाईत असायची, कारण परक्या टांगेवाल्याबरोबर मुलीला एकटं पाठवायला आईबाप तयार नसत. अकबरी दिसली आणि माझं काम झालं. सकाळी ती गल्लोगल्ली फिरून मुली गोळा करी, संध्याकाळी घरोघर पोचवी. मीही त्याच टांग्यातून जाऊ लागले. ती मला 'बाई' म्हणायची आणि माझं काहीच ऐकायची नाही. आमची मैत्री झाली ती अशी.

आता अड्ड्याची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. अड्ड्यावर टांगा लावायचा तर दंडावर पितळी बिल्ला लागायचा आणि तो अड्ड्याचे पंच द्यायचे. बिल्ला द्यायच्या आधी पंचांपैकी कुणीतरी टांग्यात बसून भर बाजारातून फेरी मारायचा. नवा माणूस वळण कसं घेतो, गर्दीतून कसा काढतो, याकडे त्याचं फारसं लक्ष नसे. तो एकच गोष्ट बघायचा. घोडा थांबला की माणसाचा हात लगेच सैल पडतो की नाही. घोड्यानं आपलं काम केलं, आता त्याच्या तोंडाला क्षणभरही ओढ नको. थांबल्यावरही लगाम ताणून धरणारा माणूस त्या अड्ड्यावर निर्दय समजला जाई, मग त्याची बाकीची हुशारी चुलीत गेली.

अकबरीची फेरी धोंडप्पानं घेतली. धोंडप्पा पंचांचा मुख्य. आडव्या बांध्याचा, मोठ्या फेट्याचा, हुसेनसाबचा जुना दोस्त. त्याच्या आवाजानं स्टेशनातले हमालसुद्धा वळून बघायचे. अकबरीनं टांगा आणून उभा केला, तर चाक पुरतं थांबायच्या आतच तिचे लगाम घोड्याच्या पाठीवर सैल पडले होते. धोंडप्पा खाली उतरून म्हणाला, "पोर हुसेनसाबचीच हाय की." आणि तिच्या दंडावर बिल्ला बांधला.

पण पुढं त्यात एक मेख मारून ठेवली. अड्ड्यावर बिल्ला बापाकडून मुलाकडे जायचा, मुलगा नसला तर जावयाकडे. हुसेनसाब वारला तेव्हा पंचांनी ठरवलं, की बिल्ला मुलीकडे राहील तो तिचं लग्न होईपर्यंत, जावयाची ठेव म्हणून. अकबरी त्या वेळी बापाच्या दुःखात होती, काही बोलली नाही. पुढं मात्र तिनं लग्नाचं नावच काढलं नाही. एक स्थळ आलं, त्या मुलानं हिच्याकडे बघायच्या आधी घोड्याचे दात बघितले. ही म्हणाली, "घोडा विकायचा न्हाय," आणि त्याला पाणीसुद्धा न विचारता वाटेला लावलं. अशी वर्षं गेली. दर थोड्या दिवसांनी धोंडप्पा विचारायचा, "मग पोरी, जावयाचा बिल्ला किती दिवस वापरणार?" ही हसण्यावारी न्यायची. पण मला एकदा म्हणाली, "बाई, दंडावर बांधलंय ते माझं न्हाय म्हणत्यात. रोज सकाळी बांधताना टोचतंय मला ते."

आता आमच्या गंगाधरकडे येते. गंगाधर माझा धाकटा भाऊ. वडिलांच्या मागं त्याची वकिली चालली नाही, आणि ती चालावी असं त्यालाही फारसं वाटत नव्हतं. मुंबईला जाऊन तो विमान चालवायला शिकला, शिकवायचा परवाना घेतला आणि येताना एक जुनं दुपंखी विमान घेऊन आला. एकावर एक असे दोन पंख, मधे दोऱ्या आणि खांब, बसायला एकामागं एक दोन उघडे खड्डे, पुढं दोन मोठी चाकं आणि शेपटीखाली एक पिटुकलं चाक. गावानं त्याचं नाव 'दुमजली' ठेवलं. होटगीच्या बाजूला एक लांबलचक माळ होता, तिथं गंगाधर दर रविवारी विमान वर नेऊन कोलांट्या मारून दाखवायचा. वारा कुठून येतो ते कळावं म्हणून माझ्या एका चांगल्या लुगड्याची पिशवी शिवून त्यानं काठीला बांधली होती. मला न विचारता.

कोलांट्या तो सुरेख मारायचा, हे बहीण असूनही कबूल करते. उतरायचा मात्र असा, की बघणारे दात आवळून धरायचे. विमान टेकायचं, उसळायचं, पुन्हा टेकायचं, पुन्हा उसळायचं, मग कुठं एकदाचं धावायला लागायचं.

पेट्रोलचे डबे स्टेशनवरून माळावर न्यायचं काम अकबरीच्या टांग्याकडे होतं. एका रविवारी गंगाधरनं तिला पुढच्या खड्ड्यात बसवून एक फेरी मारून आणली. उतरताना नेहमीप्रमाणे दणके बसले. अकबरी खाली उतरली, ओढणी झटकली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "भाऊ, वर लई झ्याक. पर उतरताना जनावराला असं आपटत्यात व्हय?"

लोक खो खो हसले. गंगाधरचा चेहरा लाल झाला. "एवढं सोपं वाटतं तर तूच उतरव!"

"उतरवते की. शिकवा."

तो रागानं बोलला होता आणि ती खरंच बोलली होती. पुढच्या रविवारी ती तांबडं फुटायला माळावर हजर, टांगा झाडाखाली सोडून. आता मागं हटणं गंगाधरच्या स्वभावात नव्हतं. आमच्या घरात कुणाच्याच नाही.

शिकणारा मागच्या खड्ड्यात बसतो, शिकवणारा पुढच्या. दोघांपुढं सारखाच दांडा, पायाखाली सारखंच सुकाणू, आणि बोलायला मधे एक रबरी नळी. वर गेल्यावर अकबरीला फार काही सांगावं लागलं नाही. विमान सरळ धरणं, वळवणं, नाक फार वर गेलं की ते मरगळतं हे ओळखणं, सगळं तिला पटापट आलं. अडलं ते उतरण्यापाशी.

अडचण पहिल्यापासून होती. घोडा उधळला की टांगेवाला मागं रेलतो आणि लगाम ओढतो. विचार न करता ओढतो, त्याचं अंगच ओढतं. जमीन वेगानं जवळ यायला लागली की अकबरी तेच करायची. दांडा पोटाशी. विमान मग टेकायच्या ऐवजी परत वर चढायचं, दोन पुरुष उंचीवर जाऊन त्याचा वेग सरायचा आणि तिथून ते धपकन खाली यायचं. पुढून गंगाधर नळीतून ओरडायचा, "ओढू नको! ओढू नको!" आणि शेवटच्या क्षणी थ्रॉटल उघडून, म्हणजे इंजिनाला पुरता जोर देऊन, विमान वाचवायचा. दोघं भांडतच खाली उतरायची.

"ओढल्याबिगर थांबल कसं?"

"ते थांबवायचं नाहीये तुला अजून!"

"मग काय करायचं?"

एकदा असंच भांडून झाल्यावर गंगाधर दगडावर बसला, घाम पुसला आणि जरा विचार करून बोलला. मला वाटतं, त्या दिवशी तो स्वतःही पहिल्यांदाच ते नीट समजून बोलत होता. "ऐक. विमान उतरवायचं नसतंच. जमिनीपासून गुडघाभर उंचीवर आणायचं आणि मग त्याला उतरू द्यायचं नाही. ते खाली बसू बघणार, तू दांडा थोडासा मागं घ्यायचा. ते पुन्हा बसू बघणार, तू आणखी थोडासा घ्यायचा. एकदम नाही. ते खचेल तेवढाच. शेवटी त्याच्यात उडायची ताकदच उरत नाही, आणि पुढची दोन चाकं नि शेपटीचं चाक एकाच वेळी टेकतात. तोवर फक्त अडवून धरायचं."

अकबरी हसली. "म्हंजी हट्ट करायचा. आसं सांगायचं की सरळ!"

त्या दिवसापासून तिला जमायला लागलं. हट्टाचं तिला शिकवावं लागत नव्हतं. उतरताना विमानाचं नाक वर असतं, समोरचं काही दिसत नाही, बाजूच्या जमिनीकडे बघून उंची ओळखायची असते. घोड्याच्या दोन कानांमधून रस्ता बघायची सवय असलेल्या बाईला हे जड गेलं, पण तेही तिनं पचवलं. चप्पल काढून अनवाणी बसायला लागली. म्हणायची, "टांग्यात हात बोलतो, हितं पाय बोलतात. चप्पल घालून काय ऐकायला येतंय?" आणि नवल म्हणजे तिला शिकवता शिकवता आमच्या गंगाधरच्याही उसळ्या कमी झाल्या.

मग तो रविवार आला. गंगाधर पुढं बसलेला, पण दांड्याला हात न लावता. अकबरीनं विमान असं टेकवलं की धूळसुद्धा हलकेच उडाली. मी टाळ्या वाजवल्या. विमान धावलं, हळू झालं, आता थांबणार असं दिसलं आणि अकबरीचा हात सुटला. दांडा सैल, पायही सैल. तिच्या लेखी जनावर थांबलं होतं, काम संपलं होतं, आता त्याला ओढ नको. पण या विमानाचा सगळा भार मागं असतो. दांडा पोटाशी धरून शेपटी जमिनीला दाबली नाही आणि पायांनी नाक सरळ ठेवलं नाही, तर वाऱ्याची एक झुळूक पुरते, मागचा भार पुढं यायला बघतो. विमान गर्रकन फिरलं, एक पंख जमिनीला घासला, लाकूड मोडल्याचा आवाज झाला आणि ते तिरकं होऊन उभं राहिलं.

कुणाला लागलं नाही. पण त्या रविवारी धोंडप्पा माळावर आला होता.

तो अकबरीजवळ गेला. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्तच लागलं. "पोरी, पुरं झालं. ज्याच्या हातात धड गाडी ऱ्हात न्हाई, त्याच्या टांग्यात लोकांच्या पोरी बसवायच्या न्हाईत. बिल्ला काढून ठेव. जावई आला की देऊ."

अकबरीच्या गालाला धूळ लागली होती. थोडा वेळ ती मोडलेल्या पंखाकडे बघत राहिली. मग वळली. "धोंडप्पामामा, गड्ड्याच्या जत्रंत मी हे एकटी वर नेते. एकटी. भाऊ खाली. सगळ्या अड्ड्याला घिऊन या बघायला. नीट उतरवलं तर बिल्ला माझा. माझा म्हंजी माझा, लगीन करीन न्हायतर न करीन. न्हाय उतरलं तर बिल्लाच काय, टांगाबी अड्ड्यावर आणत न्हाय परत."

"शबूद?"

"शबूद."

अड्ड्यावर शब्द दिला की तो फिरत नसे. संक्रांतीला सिद्धेश्वराची जत्रा भरते, तिला आम्ही गड्डा म्हणतो. तोवर पंख दुरुस्त व्हायचा होता आणि एका बाईचा हात बदलायचा होता.

गंगाधरनं मला सांगून टाकलं, "अक्का, मी तिला एकटीला सोडणार नाही. जीव जाईल तिचा." मीही त्याला सांगून टाकलं, "तू मुंबईला पहिल्यांदा एकटा वर गेलास तेव्हा विमानाचं शेपूट मोडून आलास. ते इथं कुणाला ठाऊक नाही. ठाऊक व्हायला वेळ लागणार नाही." बहिणीनं असं बोलू नये. पण मी बोलले, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

पंख दुरुस्त होईपर्यंत गंगाधर तिला उभ्या विमानात बसवायचा. इंजिन बंद, दांडा पोटाशी घट्ट, पाय सुकाणूवर. तो गप्पा मारायचा, चहा मागवायचा, आणि तिचा हात जरा सैल पडला की ओरडायचा, "गेलं! फिरलं! मेलीस!" ती त्याला अशा शिव्या घालायची की मी दुसरीकडे बघायचे.

मग एका संध्याकाळी शाळेसमोर टांगा थांबला आणि मी बघितलं, घोडा मान झटकतोय, तोंडाला फेस आलाय. टांगा थांबला होता, पण लगाम तिच्या हातात ताणलेलेच होते. तिच्या ध्यानात आलं तशी तिनं ते टाकून दिले, उडी मारून खाली आली आणि घोड्याचं तोंड दोन्ही हातांत धरून रडायला लागली. मुली घाबरून बघत राहिल्या. "बाई, भाऊंच्या त्या विमानापायी माझा हात कसायाचा झाला की ओ! अब्बा असता तर चाबकानं मारलं असतं मला."

मी म्हणाले, "सोडून दे मग विमान."

तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच चूक बोलले. "सोडू कशाला? दोन्ही माझंच हाय. एक सैल सोडायचं, एक धरून ठिवायचं. दोन पोरं असत्यात घरात, एकाला माया लागते, एकाला दरारा. आई दोन्ही करतीच की." त्यानंतर ती टांग्यावर चढताना चप्पल घालायची आणि विमानात चढताना काढायची, ते निव्वळ पाय मोकळे राहावेत म्हणून नाही. अनवाणी झाली की तिच्या हाताला आपोआप कळायचं की आता सोडायचं नाही. पंख जोडून झाल्यावर गंगाधरनं तिला बाजूच्या वाऱ्यातही पुन्हा पुन्हा उतरवायला लावलं.

जत्रेच्या दिवशी माळ माणसांनी भरून गेला. अड्ड्यावरचा एकूण एक टांगा आला होता, धोंडप्पा नवा फेटा बांधून सगळ्यांच्या पुढं. माझ्या लुगड्याची ती पिशवी पूर्वेच्या वाऱ्यानं आडवी ताठ झालेली. माळ दक्षिणोत्तर लांब, म्हणजे वारा नेमका बाजूनं मारत होता. गंगाधरनं आधी वर जाऊन कोलांट्या मारल्या, लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. तो उतरून माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "अक्का, आज वारा वाईट आहे. तिला उद्या जाऊ दे." अकबरी मागंच उभी होती. म्हणाली, "उद्या अड्डा येणार न्हाय," आणि चप्पल काढून चढली.

ती वर गेली. गावावरून, गिरणीच्या चिमणीवरून वळसा घालून ती परत आली. पहिल्या वेळेला वाऱ्यानं तिला बाजूला ढकललं, एक चाक दणकन टेकलं आणि विमान उसळलं. गर्दीतून एकच हाय निघाली. मी डोळे मिटणार तेवढ्यात इंजिन गरजलं. तिनं ओढाताण केली नाही, ते तसंच दामटून टेकवायच्या भानगडीत पडली नाही, सरळ थ्रॉटल उघडून परत वर निघून गेली.

धोंडप्पा म्हणाला, "भ्याली."

मी त्याच्याकडे वळून म्हणाले, "घोडा बिथरला तर तुम्ही त्याला भिंतीवर घालता का? फेरी मारून परत आणता ना?" त्यानं फेटा सारखा केला. गंगाधर मात्र जमिनीकडे बघत स्वतःशीच म्हणत होता, "बरोबर केलं, बरोबर केलं."

दुसऱ्या वेळेला ती वाऱ्याकडचा उजवा पंख खाली कलवून आली, तिरकी, एका कुशीवर. लोकांना वाटलं पडतंय. गुडघाभर उंचीवर विमान आलं आणि तिथं ते तरंगत राहिलं. बसू बघत होतं, ती बसू देत नव्हती. मला माळाच्या कडेवरून तिचा चेहरा दिसत नव्हता, पण तो कसा झाला असेल ते मला ठाऊक होतं. मग उजवं चाक आणि शेपटी टेकली, आणि पाठोपाठ डावं चाकही. एकही उसळी नाही. विमान धावू लागलं. शेपटीवरचं सुकाणू सारखं डावीकडं, उजवीकडं, पुन्हा डावीकडं हलत होतं, तिचे अनवाणी पाय आत काम करत होते. वेग कमी झाला. आणखी कमी झाला. त्या रविवारी जिथं हात सुटला होता तसलाच क्षण आला, आणि गेला. विमान थांबलं तरी शेपटीचं आडवं पातं वर ताठ होतं, म्हणजे दांडा अजून पोटाशीच होता. लोक धावत सुटले, गंगाधर त्यांना ओरडून अडवत होता, नाकावरचा पंखा फिरायचा थांबला, आणि मग कुठं तिनं हात सोडला.

मी धावत गेले. मी रडत होते आणि ते लपवायची मला गरज वाटली नाही.

धोंडप्पा सावकाश चालत आला. त्याच्या मागं सगळा अड्डा. तो विमानाभोवती एक फेरी मारून आला, पंख बघितले, चाकं बघितली. "उतरलं खरं," तो म्हणाला. "पर मधीच वारं पडलं हुतं. एकदा कुणाचंबी उतरतंय."

मागं काही टांगेवाल्यांनी माना डोलावल्या. माझ्या तोंडात काय आलं होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण अकबरी विमानातच बसली होती, ती उतरली नव्हती. तिनं पुढच्या रिकाम्या खड्ड्याकडे बोट केलं.

"मग बसा पुढं, मामा. जवळनं बघा."

गंगाधर ओरडला, "अगं, कायद्यात बसत नाही हे! तुला माणूस न्यायची परवानगी नाही!"

"कायदा तुमी बघा, भाऊ. मामा, तुमी बसा."

सगळी गर्दी धोंडप्पाकडे बघत होती. ज्यानं आयुष्यभर शेकडो माणसांची फेरी घेतली, त्याला फेरीला नाही कसं म्हणता येणार? त्यानं फेटा काढला, माझ्या हातात दिला आणि चढला. त्याचा टक्कल पडलेला माथा मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. गंगाधरनं डोक्याला हात लावला आणि मग, कायदा मोडायचाच तर नीट मोडावा म्हणून, स्वतःच त्याचा पट्टा घट्ट बांधला.

विमान वर गेलं. वारा मुळीच पडला नव्हता, ती लुगड्याची पिशवी पूर्वीइतकीच ताठ होती, आणि मी ती शेजारच्या टांगेवाल्याला बोटानं दाखवली. अकबरी आली. पुन्हा तिरकी, पुन्हा गुडघाभर उंचीवर अडवून धरलेली. पुढच्या खड्ड्यातून धोंडप्पाचे दोन्ही हात वर आलेले दिसत होते, मुठी आवळलेल्या, जणू त्यांत लगाम आहेत. टेकताना तो मागं रेलला आणि हवेतलेच लगाम त्यानं ओढले. विमान त्याच्या ओढण्याला न जुमानता आपलं नीट बसलं, धावलं आणि थांबलं.

त्याला दोघांनी धरून उतरवलं. तो चाकाजवळ जमिनीवरच बसला. अड्ड्यातल्या कुणीतरी विचारलं, "काय झालं, अप्पा?"

"काय व्हनार." त्यानं माथ्यावरचा घाम पुसला. "हळू झालं तसं मी त्या नळीत बोंबलत हुतो. सोड पोरी, थांबलंय, सोड आता. मीच शिकीवलंय की तिला सोडायला. हिनं सोडलं न्हाई." त्यानं चाकाकडे बघितलं. "माझं ऐकलं असतं तर त्या दिवसावानी पुन्ना फिरलं असतं."

अकबरी खाली उतरून त्याच्यासमोर अनवाणी उभी राहिली. धोंडप्पानं वर न बघता हात हलवला. "ऱ्हाऊ दे बिल्ला तुझ्याकडं."

"ऱ्हाऊ दे न्हाय, मामा. शबूद काय हुता?"

तो पुटपुटला, "तुझा हाय."

"मोठ्यानं म्हणा. वारं लई हाय, मागच्यांना ऐकू येत न्हाय."

धोंडप्पानं तिच्याकडे बघितलं. मला वाटलं आता हा चिडणार. पण तो चाकाला धरून उठला, अड्ड्याकडे तोंड केलं आणि ज्या आवाजानं तो स्टेशनातून टांगे बोलवायचा त्या आवाजात ओरडला, "बिल्ला अकबरीचा हाय!"